अठरा आटे

आमची गल्ली गजराच्या घड्याळावर उठत नसे. ती चावीमामांच्या 'सोळा'वर उठत असे.

गल्लीच्या तोंडाशी, शिंप्याच्या दुकानापुढे, रस्त्यात एक गोल लोखंडी झाकण आहे. झाकणाखाली खड्डा आणि खड्ड्यात आमच्या पाण्याचा व्हॉल्व्ह. मामा राहायलाही आमच्याच गल्लीत. रोज सकाळी सहाला ते खांद्यावर चावी टाकून यायचे. चावी म्हणजे खिशात मावणारी नव्हे. चांगली माणसाएवढी लोखंडी कांब, खाली चौकोनी तोंड, वर आडवा दांडा. मामा त्या चावीपेक्षा चार बोटं बुटकेच. लांबून बघणाऱ्याला मामा चावी आणताहेत की चावी मामांना आणतेय, हे चटकन कळत नसे. झाकण सरकवायचं, चावी खाली बसवायची, आडवा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि चावीभोवती गोल फिरायचं. एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. पूर्ण पाणी म्हणजे अठरा आटे.

मामा मोजायचे ते तोंडानं. एकपासून पंधरापर्यंत पुटपुटल्यासारखं, आणि मग एकदम खणखणीत, "सोळा!" सतरा-अठरा पुन्हा पुटपुटत. नव्या भाडेकरूला वाटायचं, सोळाव्या आट्याला यांच्या कमरेत उसण भरत असावी. खरं कारण फक्त बाईंना ठाऊक होतं.

बाई म्हणजे गल्लीच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या शाळेच्या बाई. एकट्याच होत्या. गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी अक्षरं शिकवली आणि उरलेल्या निम्म्यांच्या पोरांना. मामा त्यांच्या नोकरीतल्या पहिल्याच वर्गात होते. पहिलीत असताना पंधरानंतर थेट सतरा म्हणायचे. सोळा त्यांच्या डोक्यात बसायलाच तयार नव्हता. बाईंनी त्यांच्या खिशात सोळा खडे घातले आणि महिनाभर रोज मोजून घेतले. चुकला की परत एकपासून. तेव्हापासून बाईंच्या तोंडी त्यांचं नाव पडलं 'सोळ्या', ते मामा सत्तावन्न वर्षांचे होऊन मांडीवर नातू आला तरी तसंच राहिलं.

"सोळ्या, आज पाणी गढूळ आहे रे."

"हो बाई. टाकी धुतली काल."

वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तसे मामा चावी उभी धरून उत्तर द्यायचे.

पालिकेत मामा सव्वीस वर्षं रोजंदारीवर होते. दर वर्षी कुणीतरी म्हणायचं, यंदा कायम होणार. मामा सगळ्यांना सांगायचे, यंदा कायम होणार. मामी म्हणायच्या, "यांचं तात्पुरतंपण तेवढं कायम झालंय." मामींचे गुडघे गेलेले. बसल्या जागेवरून उठताना त्या भिंतीचा, कपाटाचा आणि नवऱ्याचा आधार घ्यायच्या, आणि यांपैकी नवराच जास्त हलतो अशी त्यांची तक्रार होती. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. त्याआधी कायम झाले तर पेन्शन, नाही तर चावी जमा करायची आणि हात हलवत घरी यायचं. मामांच्या सगळ्या आयुष्याची गाठ त्या एका कागदाला होती, आणि तो कागद होता साहेबांच्या हातात.

साहेब म्हणजे आमचे नगरसेवक. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही, कारण गल्लीत कुणीच म्हणत नसे. कुणी गेलं तर साहेब घरच्यांच्या आधी दारात हजर. शाळेत प्रवेश हवा, साहेबांची चिठ्ठी. दवाखान्यात खाट हवी, साहेबांची चिठ्ठी. त्या शाळेत प्रवेश सगळ्यांनाच होता आणि खाटाही रिकाम्या असायच्या, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण चिठ्ठी नेली की कारकून खुर्चीवरून निम्मा उठायचा. त्या निम्म्या उठण्यासाठी आम्ही साहेबांचे जन्मभराचे ऋणी. जे आमचंच होतं ते आम्ही ओंजळ पुढे करून घ्यायचो, आणि वर म्हणायचो, देवमाणूस!

पाण्याचंही तेच. कुठल्या गल्लीला किती आटे, ते साहेबांच्या कार्यालयातून ठरायचं. तिथे साहेबांचा भाचा बसायचा. साहेबांचा भाचा म्हणून अख्खा भाग त्याला 'भाचे' म्हणायचा. सत्तरीचे म्हातारेसुद्धा "भाचे, जरा बघा ना आमचं" म्हणत त्याच्यापुढे वाकायचे. भाचे निकालाचा कागद बघून आटे सांगायचे. ज्या गल्लीनं भरभरून मतं दिली तिला अठरा. ज्या गल्लीनं काटकसर केली तिला दहा. मागच्या नाल्याकडची वस्ती एकदा विरोधकाकडे गेली, तर तिला पाच वर्षं चार आटे. मामा तिथला व्हॉल्व्ह चार आटे उघडायचे आणि मान खाली घालून निघून यायचे.

मी एकदा विचारलं, "मामा, पाणीच कमी आहे का हो?"

"कमी?" मामा इकडेतिकडे बघून म्हणाले. "टाकी रोज भरून वाहते. सगळ्यांना अठरा दिले तरी पुरून उरेल."

"मग देत का नाहीत?"

"सगळ्यांना मिळालं तर साहेबांकडे कोण जाईल?" मामा म्हणाले, आणि चावी उचलून चालू पडले. तत्त्वज्ञान सांगितलं असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. व्हॉल्व्हला ग्रीस लागतं हे सांगावं तसं सांगितलं होतं.

आमच्या गल्लीला मात्र वर्षानुवर्षं अठरा. कारण आमचं मतदान केंद्र वेगळं होतं, आणि त्यातून साहेबांच्या 'टेबला'ला, म्हणजे त्यांच्या निशाणीला, सगळीच्या सगळी मतं जायची. भाचे निवडणुकीच्या आधी वही घेऊन दारोदार यायचे, घरटी माणसं मोजायचे आणि आकडा सांगून जायचे. निकालाला तोच आकडा. याचा आम्हाला अभिमान होता. दुसऱ्या गल्ल्यांना आम्ही नाकं मुरडायचो: त्यांच्यात एकी नाही.

त्या वर्षी टेबलासमोर एकच उमेदवार उभा होता. निवृत्त बस कंडक्टर. निशाणी करवत. शिंपी म्हणाला, "आयुष्यभर तिकिटं फाडली, आता टेबल कापायला निघालाय!" गल्ली पोट धरधरून हसली. कंडक्टरजवळ ना गाडी ना माणसं. तो स्वतःच पत्रकं वाटत फिरला. पत्रकावर फोटोसुद्धा नव्हता. एकच ओळ होती: पाणी सगळ्यांना सारखं.

भाच्यांनी वहीतून आकडा वाचला, दोनशे एकेचाळीस. मतदानाच्या दिवशी दारात बसून एकेकाच्या नावापुढे खूण केली. दोनशे एकेचाळीस माणसं आली. बाईही आल्या, काठी टेकत. भाचे गोड बोलले, "बाई, टेबल लक्षात आहे ना?" बाई म्हणाल्या, "मत गुप्त असतं, बाळा. हे मी तुला तिसरीत शिकवलंय." भाचेही त्यांचेच विद्यार्थी. सगळे हसले. भाचेही हसले, पण ते हसू त्यांनी वहीत लिहून ठेवलं असावं.

निकाल लागला. साहेब प्रचंड मतांनी निवडून आले. आमच्या केंद्राचा कागद आला: टेबल दोनशे चाळीस, करवत एक.

भाच्यांनी तो कागद शिंप्याच्या दुकानात कापड कापायच्या फळीवर ठेवला.

"हे एक कुणाचं?"

शिंप्यानं हातातली कात्री बंद केली.

"एकाचं काय एवढं, भाचे?" कोपऱ्यावरच्या काकू धीर करून म्हणाल्या. "चुकून पडलं असेल शिक्का."

"आज एक. उद्या दहा होतील. साहेबांना किती वाईट वाटलंय माहीत आहे का? जेवले नाहीत." भाच्यांनी कागदाची घडी घातली. "नाव सांगा. नाव कळेपर्यंत सहा आटे."

आता एक गोष्ट तुम्हाला लगेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही. मला ती फार उशिरा कळली. ते एक मत चावीमामांचं होतं.

का दिलं, ते त्यांनी पुढे मला त्यांच्या शब्दांत सांगितलं. "खोक्याच्या आड गेलो. हातात शिक्का. आणि अचानक वाटलं, इथे मला कुणीच बघत नाहीये. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. ना भाचे, ना साहेब, ना मामी. ती पत्रकावरची ओळ आठवली. ती खरी आहे की खोटी हे या भागात माझ्याइतकं कुणाला माहीत? रोज टाकी वाहताना मी बघतो. शिक्का मारला. वाटलं, एवढ्या ढिगात एक कागद, कोण शोधतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले, झाकण सरकवलं आणि स्वतःच्या मताची शिक्षा स्वतःच्या हातानं गल्लीला दिली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. थांबले. सोळा आलाच नाही. त्या दिवशी निम्मी गल्ली उठली नाही.

सहा आट्यांत आमच्याकडे नळाला सुतळीएवढी धार यायची. मधल्या घरांत दोऱ्याएवढी. आणि गल्ली चढाची, त्यामुळे वरच्या टोकाला बाईंच्या घरी नळ नुसता सुस्कारे टाकायचा. बाई नळ उघडा ठेवून खाली बादली लावायच्या आणि जवळ खुर्ची टाकून वाचत बसायच्या. म्हणजे पाणी आलंच तर बादलीत पडल्याचा आवाज येईल. तो आवाज काही आला नाही.

पहिले चार दिवस गल्लीनं सोसलं. पाचव्या दिवशी शोध सुरू झाला. जावा-जावा एकमेकींकडे बघायला लागल्या. शिंप्यानं आपल्या सख्ख्या भावाला, लहानपणी आईची शप्पथ मोडलेली काढून, पुन्हा शप्पथ घालायला लावली. एका घरात तर सुनेनं सासऱ्यांना विचारलं, "मामंजी, तुम्ही चष्मा लावला होता ना त्या दिवशी?" माझ्याकडेही दोघांनी जरा वेळ टक लावून बघितलं. मी घाईघाईनं म्हणालो, "मी टेबलच, देवाशप्पथ!" बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे लक्षात आलं, पण तोवर सगळ्यांनी तेच म्हटलेलं होतं. मामांसकट दोनशे चाळीस लोकांनी एकमेकांना आपापलं मत सांगून टाकलं. न सांगणारं एकच माणूस उरलं.

आठवड्यानं शिंप्याच्या दुकानापुढे बैठक बसली. बाईंना खुर्ची दिली. एवढी रीत आम्ही पाळली. मामाही होते, झाकणाशेजारी, चावीला टेकून.

"बाई, फक्त एवढं सांगा, टेबल," शिंपी म्हणाला. "विषय संपला. मी स्वतः भाच्यांना जाऊन सांगतो."

"नाही सांगणार."

"म्हणजे तुम्ही करवतीला दिलंत?"

"असं मी म्हटलं का? टेबलाला दिलं असलं तरी नाही सांगणार. आज सांगितलं तर उद्या पुन्हा विचारशील. मग ते मत कसलं रे? ती हजेरी झाली."

"बाई, घरात लहान पोरं आहेत," काकूंचा आवाज चढला. "तुमच्या एका हट्टापायी सगळ्या गल्लीनं का तहानलेलं राहायचं?"

बाईंनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. वर्गात हळूच कुणी खडू मारला तर त्या अशाच बघायच्या, आणि ज्यानं मारला तो आपोआप खाली बघायचा. त्या संध्याकाळी आम्ही सगळेच खाली बघत होतो. मामा त्या झाकणाकडे बघत होते.

एक शब्द. मामांनी एक शब्द बोलायचा होता. पण त्याच महिन्यात कायम होणाऱ्यांची यादी निघायची होती आणि यादी भाच्यांच्या टेबलाच्या खणात होती.

बाई काठी टेकत चढ चढून गेल्या. त्या दिवसापासून गल्ली त्यांच्याशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, तंटा नाही. समोरून आल्या की लोकांना एकदम घरात काम आठवायचं. पोरांना त्यांच्याकडे शिकवणीला पाठवणं बंद झालं. काकू त्यांना रोज संध्याकाळी चहा द्यायच्या, तो कप थांबला. आम्ही सभ्य लोक होतो. आम्ही कुणी दगड मारला नाही.

मामा मात्र रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जायला लागले. दोन हातांत दोन कॅन. पलीकडच्या मोठ्या रस्त्यावरच्या नळावरून भरायचे, चढ चढायचे आणि बाईंच्या स्वयंपाकघरातल्या पिंपात ओतायचे. गल्लीनं ते पाहिलं आणि म्हटलं, मामा पहिल्यापासून हळवाच. मामींनी विचारलं, "मला गुडघ्यांनी उठता येत नाही, मला कधी आणून दिलंत कॅनभर?" मामांनी दोनाचे चार कॅन केले. कमरेत खरोखरच उसण भरली.

एकदा पिंपात पाणी ओतता ओतता मामा म्हणाले, "बाई, एक सांगायचंय."

"काय रे?"

"ते मत..."

"सोळ्या!" बाई इतक्या कडक आवाजात बोलल्या की मामांच्या हातातला कॅन हिंदकळला. "मत सांगायचं नसतं. मी कुणाला सांगितलं नाही. तूही कुणाला सांगायचं नाहीस."

मामा पिंपाचं झाकण लावून घरी आले. त्यांना त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी मामींना म्हणाले, "मी भाच्यांकडे जातो. सांगून टाकतो." मामींना तोवर त्यांनी काहीच सांगितलेलं नव्हतं, तेव्हा सांगितलं. मामींनी निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "जा." भिंत धरून उठल्या आणि त्यांचा धुतलेला सदरा काढून दिला.

मामा कार्यालयात गेले. भाच्यांपुढे आठ-दहा माणसं होती. मामांना बघून भाचे स्वतः उठले. निम्मे नाही, पूर्ण.

"या मामा! तुमच्याकडेच माणूस पाठवणार होतो. तोंड गोड करा आमचं." आणि खणातून काढून त्यांनी कागद मामांच्या हातात ठेवला. मामांचं नाव, खाली दोन सह्या, गोल शिक्का. मामा कायम झाले होते.

बसलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि काय काम होतं मामा?" भाच्यांनी विचारलं.

मामा मला सांगत होते, "कागद जड नव्हता हो. पण हात वर होईना. तोंडात शब्द होता, अगदी दातांपर्यंत आला होता. आणि मला मामीचे गुडघे दिसले. मी म्हणालो, काही नाही, सहज आलो होतो. साहेबांना नमस्कार सांगा."

मामींनी कागद पाहिला. कपाटात साडीच्या घडीखाली ठेवून दिला. सव्वीस वर्षं ज्या कागदाची वाट पाहिली तो घरात आला आणि त्या घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही.

बाईंनी सहा महिने काढले. मग एक दिवस मामांनी कॅन आणले तर बाई स्वयंपाकघरात खाली बसलेल्या. पिंपात वाकून तांब्या बुडवताना तोल गेला होता. हाड मोडलं नव्हतं, पण धीर मोडला होता. त्यांच्या पुतण्याला कळवलं. तो लांबच्या शहरात असायचा. पुढच्या रविवारी तो गाडी घेऊन आला.

गाडी निघाली तेव्हा गल्लीतली सगळी दारं उघडी होती आणि कुणीही दारात नव्हतं. सामान एक ट्रंक, दोन पुस्तकांची खोकी. मामांनीच गाडीत चढवलं. पुतण्या कुलूप लावून आला. त्याला परत पोचायची घाई होती.

बाई मागच्या सीटवर बसल्या, आणि काच खाली करून त्यांनी मामांना जवळ बोलावलं.

"सोळ्या, एवढं पाणी कुणी उगीच वाहत नाही रे."

मामांनी मान खाली घातली.

"तू पाटी फोडायचास तेव्हाही असाच चेहरा करायचास. मला बैठकीच्या दिवशीच कळलं."

"मग बोलला का नाहीत, बाई?"

"कारण मी टेबलाला दिलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई मी, वरच्या टोकाला एकटी. म्हटलं पाणी तुटेल. जन्मभर शिकवलं मत गुप्त असतं, आणि खोक्याच्या आड माझा हात थरथरला. तुझा नाही थरथरला." मग त्यांनी काचेतून हात बाहेर काढून मामांच्या डोक्यावर ठेवला. मामांना त्यासाठी वाकावं लागलं नाही. ते मुळातच बुटके. "त्या एका मताची तरी लाज राखू म्हटलं."

गाडी उतारावरून खाली गेली. शिंप्याच्या दुकानापुढच्या झाकणावरून जाताना एकदा खण् आवाज झाला, तेवढाच.

संध्याकाळी भाच्यांचा निरोप आला. "गेल्या ना? मिटलं मग. उद्यापासून अठरा."

सोमवारी सकाळी सहाला मामा आले. सहा महिन्यांत पहिल्यांदा ते सहावर थांबले नाहीत. सात, आठ, नऊ... गल्ली अंथरुणात श्वास रोखून ऐकत होती. "सोळा!" आणि एकदम सगळ्या गल्लीत भांड्यांचा गदारोळ उठला. बादल्या, पातेली, घागरी, हाती लागेल ते. शिंप्याची बायको पाण्यात हात धरून हसत होती. काकूंनी अंगण धुवायला काढलं. कुणीतरी ओरडलं, "साहेब जिंदाबाद!" आणि दोन-चार आवाजांनी साथ दिली. त्यात माझा नव्हता, असं सांगायला मला आवडलं असतं.

पाऊण तासानं पोरं ओरडत आली. वरून पाणी येतंय!

बाईंच्या कुलूप लावलेल्या दाराखालून पाणी वाहत होतं. सहा महिने कोरडा असलेला नळ त्या नेहमीसारखा उघडाच ठेवून गेल्या होत्या. कोरडा नळ बंद करायचं कुणाच्या लक्षात राहतं? आत बादली भरली असेल, मोरी तुंबली असेल, घर भरलं असेल. पाणी उंबऱ्याखालून निघालं, तिन्ही पायऱ्या उतरलं आणि गल्लीच्या मधोमध सावकाश खाली यायला लागलं. एकेका दारासमोरून. दारादारांत हातात भरल्या बादल्या घेतलेली माणसं उभी होती. पाणी पुढे जाईपर्यंत कुणी हललं नाही. काकूंनी तेवढे पाय मागे घेतले. चढावरून निघालेलं ते पाणी सबंध गल्ली ओलांडून झाकणापाशी आलं आणि चावी धरून उभ्या असलेल्या मामांच्या चपला भिजवून पुढे गेलं.

"मामा, बंद करा ना व्हॉल्व्ह! वाया चाललंय!" शिंपी ओरडला.

मामांनी ऐकलं नाही. चावी तशीच व्हॉल्व्हवर उभी सोडून ते चढ चढून गेले आणि बाईंच्या ओल्या पायरीवर बसले. मी मागोमाग गेलो. त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाणी वाहत होतं. तिथेच त्यांनी मला हे सगळं सांगितलं. शिक्का, कागद, काच. सांगून झाल्यावर म्हणाले, "आता गल्लीला सांगू का?"

मी खाली बघितलं. लोक बादल्या भरून घरात नेत होते. कुणी रुमालानं घाम पुसत होतं, कुणी हसत होतं. मला माझ्या घरची रिकामी पिंपं आठवली. मामींचे गुडघे आठवले.

"राहू द्या मामा," मी म्हणालो. "आता काय उपयोग."

मामांनी मान हलवली. मी असंच म्हणणार हे त्यांना माहीत असावं.

साडेसातला व्हॉल्व्ह बंद करायची वेळ झाली. मामा खाली आले, दांडा धरला आणि उलटे फिरायला लागले. एक, दोन, तीन. बंद करताना मोजायचे ते पुटपुटत, पण आम्ही जवळच उभे होतो. तेरा, चौदा, पंधरा, सतरा, अठरा. चावी काढली, खांद्यावर टाकली, झाकण सरकवलं आणि पुढच्या गल्लीकडे निघाले.

मी हाक मारणार होतो. मारली नाही.

एक आटा उघडाच राहिला. भांडी भरून खालच्या घरांचे नळ बंद झाले होते, म्हणून तेवढं पाणीही वर चढलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाईंच्या बंद दाराखालून पाण्याचा एक बारीक ओघळ खाली येत राहिला, आणि जो तो त्याला ओलांडून आपापल्या कामाला जात होता.